वरची माती

आमचं वावर वणीकडच्या कोळशाच्या उघड्या खाणीत गेलं, तेव्हा साहेबांनी भलामोठा नकाशा पसरून आम्हाला समजावलं होतं. खाण पुढं सरकणार, मागचा खड्डा दगड-मुरमानं भरत येणार, आणि शेवटी त्यावर आमचीच काळी माती पसरणार. ती आधीच खरवडून वेगळ्या ढिगात जपून ठेवू म्हणाले. बाकीचे लोक चहा पिऊन घरी गेले. आमच्या ह्यांनी मात्र ते मनात धरलं. जमीन परत आपल्या नावावर होत नसते, हे त्यांना कळत होतं. येडे नव्हते ते. माती राहावी, एवढंच म्हणणं.

पुढं त्यांना लकवा झाला. एक बाजू गेली, खाट धरली. मी खाणीच्या झाडं लावायच्या कामाला जायची, म्हणून रोज संध्याकाळी एकच विचारणं.

"ढीग हाये ना वं?"

"हाये. गवत आलं त्याच्यावर."

काही दिवस ते खरंच होतं. मग एकदा माझ्या डोळ्यांदेखत डंपरवाल्यानं ढिगावरच दगड रिचवले. मी हात हलवत धावले, तर वरून म्हणतो, "मावशी, जागा नाही. तुमच्या अंगणात टाकू का?" पोळ्यापर्यंत ढीग पार दबला. भरलेल्या खड्ड्यावर आम्ही बाया पहारीनं दगड उकरून रोपं लावायचो. लांबून हिरवं दिसतं बरं का, फोटो छान येतो.

घरी मी म्हणतच राहिले, हाये.

मग ते हटून बसले, "मूठभर आणून दाखव." आता काय करावं? माझं माहेर बोरी अरबकडं. भावाच्या वावरातली काळीभोर माती पिशवीत भरून बसनं आणली आणि त्यांच्या चांगल्या हातात ठेवली. मला वाटलं, काळी माती, तिच्यात काय ओळखायचं? जन्मभर निंदण केलेल्या बाईला असं वाटावं!

त्यांनी पाणी मागितलं. माती भिजवून बोटांनी मळत बसले, अंगठ्यानं दाबत बसले.

"खडे कुठं गेले?"

"कोणते?"

"चुनखडीचे. जलमभर वेचले, सरले नाही. आन् ह्याच्यात एकबी नाही?"

मी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं.

"कोणाची हाये?"

"भावाची."

"आन् आपली?"

"दगडाखाली गेली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "हात धुवून दे," म्हणाले. मग म्हणाले, "नेऊन टाक त्याची त्याले. चांगल्या वावरातली माती अशी काढू नाही."

मी गेले. भाऊ हसला, पिशवीभर मातीपायी दोन खेपा केल्या म्हणून. कपाशीच्या ओळीत पिशवी झटकून मी परतले.

त्यानंतर त्यांनी ढिगाचं विचारलं नाही. दुसरंही काही विचारलं नाही. मी कामावरून यायची, ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मी खोटं बोलत होते, तोवर निदान संध्याकाळी दोन शब्द तरी व्हायचे आमचे.