विहिरीवरच्या तहाच्या साक्षीदार

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत डॉ. शकुंतला ढवळे माझ्या पुढे उभ्या होत्या. काय करतोस, असं त्यांनी विचारलं. मी नागपूरहून नुकताच आलो होतो आणि नोकरीचा तोरा अंगात होता. "मॅपिंगचं सॉफ्टवेअर डेव्हलप करतो, मावशी," मी म्हणालो. "मग मला एक मॅप करून दे. बॉर्डर नको, नुसत्या विहिरी दाखव," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी एक जिलबी टाकून पुढे सरकल्या. त्या कामातून माझी अजून सुटका झालेली नाही.

शकूमावशी जनावरांच्या डॉक्टर. मिनेसोटात शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण जीव गुंतला तो पूर्व आफ्रिकेतल्या दोन देशांच्या सीमेवरच्या दोन पशुपालक समाजांत. चराईचं रान एका देशात, विहीर दुसऱ्या देशात. कडक उन्हाळ्यात दोघांनाही त्याच विहिरीवर यावं लागतं. गुरं पळवण्यावरून तिथे कित्येक पिढ्या माणसं मरत आली आहेत. पूर्वी भाल्यांनी, आता बंदुकांनी.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाला मावशींनी एकाच अटीवर होकार दिला. "माझी चूक आधी छापा, मग हवे तेवढे हार घाला." म्हणून ती सांगतो. गुरांत साथ आली तेव्हा लशीची परवानगी एका देशाकडून लगेच मिळाली, दुसरीकडची लांबली. मावशींनी मिळाली तिथे लस टोचायला सुरुवात केली. जितकी वाचतील तितकी वाचवावीत, हा डॉक्टरी विचार. पलीकडची गुरं मरत राहिली आणि अलीकडची धडधाकट दिसू लागली. मग व्हायचं तेच झालं. पहाटे पलीकडून धाड पडली. मावशींच्या पथकाला रोज दूध आणून देणारी बाई आणि तिची मुलं त्यात मारली गेली. "कुणाची गुरं पळवण्याजोगी आहेत, ते मीच दाखवून दिलं," असं मावशी आजही म्हणतात. समजूत घालायला गेलेल्यांची त्या खरडपट्टी काढतात.

तेव्हापासून लस टोचायची ती दोन्हीकडे एकाच दिवशी, नाहीतर कुणालाच नाही, हा त्यांचा नेम. त्यासाठी त्यांनी दोन्हीकडच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पुढे विहिरीवर तह झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे एकेक वृद्ध साक्षीला बसले आणि तिसऱ्या साक्षीदार म्हणून त्यांनी मावशींनाच बसवलं. ज्याच्या हातून आग लागली, त्यानेच राखण करायची, अशी तिथली रीत. साक्षीदारांपैकी एक जरी जिवंत असला, तरी त्या विहिरीवर शस्त्र उचलायचं नाही. सगळे गेले की तह संपला.

मावशींचा जिव्हाळाही असाच रोखठोक. माझे वडील गेले, तेव्हा व्हिसाच्या भानगडीमुळे मला नागपूरला जाता आलं नाही. मावशी बर्फातून ड्राइव्ह करत पिठलं-भात घेऊन आल्या. मला जेवायला वाढलं आणि दिवसभर बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "रडून घे. उद्या ऑफिसला जा." मी दोन्ही केलं.

तहाचे अलीकडचे वृद्ध साक्षीदार पूर्वीच वारले होते. नवे साक्षीदार बसवायची बैठक यंदा ठरली होती. अनुदान थांबलं आणि ती कॅन्सल झाली. मग हिवाळ्यात पलीकडचे वृद्धही वारल्याचा निरोप आला. फोन आला तेव्हा मी मावशींच्या किचनमध्ये होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि रक्तदाबाची गोळी घेतली. एरवी त्या गोळीसाठी आम्हाला त्यांच्या मागे लागावं लागतं. मला भीती वाटली ती तेव्हा.

मावशी, पंचाहत्तरीला लोक "शतायुषी व्हा" म्हणतात ते बरेचदा तोंडदेखलं असतं. आमचं तसं नाही. बैठक भरवायला आम्ही धडपडतो आहोत, पण ती होईपर्यंत तो तह केवळ तुमच्या श्वासावर उभा आहे. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तिकडे उन्हाळा तोंडावर आला आहे, बायका-पोरं विहिरीवर येतील. गोळी चुकवू नका.