पापनाशमहून आलेल्या भिंती

गच्चीवर खोली बांधायची ठरली तेव्हा मी आमच्या जुन्या गवंड्यालाच बोलावणार होतो. पण माझी मुलगी इमारत बांधताना किती कार्बन हवेत जातो ते मोजायचं काम करते. ती म्हणाली, "बाबा, कारखान्यात तयार केलेल्या भिंती आणू. सिमेंट कमी लागतं, वायाही कमी जातं."

"कुठून आणायच्या?"

"मिळतात चेन्नईजवळ. पण तेवढ्या लांबून लॉरीनं आणल्या, तर वाचवलेला बराचसा कार्बन डिझेलच्या धुरातूनच हवेत जाईल."

दोन दिवस फोन करून तिनं आमच्या घरापासून जवळच, पापनाशमच्या रस्त्यावरची एक शेड शोधली. तिथे तशाच भिंती बनत होत्या.

गवंडी मात्र रुसला. "मग माझं काय काम?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"सांधे तुम्हीच भरायचे, मामा. ते चुकले तर खोली गळेल," मुलगी म्हणाली.

चार दिवसांत खोली उभी राहिली. गवंड्यानं प्रत्येक सांधा हात फिरवून तपासला. मग उरलेला राडारोडा उचलायला गेला, तर जेमतेम अर्धं पोतं निघालं.

"एवढंच?" म्हणून तो हसला. आम्ही तिघांनी नव्या खोलीत जमिनीवर बसून कॉफी घेतली. मला फार बरं वाटलं.