साखरपुड्याचा कागद

पुडी बांधावी तर आमच्या दुकानातल्या मामांनीच. बाकी जगात जे कोणी बांधतात ते नुसता कागद गुंडाळतात. हे मी आज नाही, साठ वर्षं सांगतोय. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्यासमोर बसून अर्धा शेर बारीक रवा कागदात बांधावा आणि ती पुडी छातीइतक्या उंचीवरून खाली टाकावी. मामांची पुडी टाकली तर ती बसलेल्या मांजरासारखी तिथंच बसायची. इकडे नाही, तिकडे नाही.

मामा माझे सख्खे कुणी नव्हते. पिंपरी स्टेशनच्या रस्त्यावर एका शेठचं किराणा दुकान होतं, तिथं मी तागडीवर होतो आणि मामा माझ्या डाव्या हाताला पुड्यांवर. तेव्हा पिंपरीत आजच्यासारखी गर्दी नव्हती. एका बाजूला निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी घरं, एका बाजूला कारखान्यांची पायाभरणी चाललेली, आणि बाजाराच्या दिवशी चाकण-मोशीकडून येणाऱ्या बैलगाड्या. दुकानात आम्ही चौघं. वखारीतून पोती आणून डबे भरणारा नगरकडचा हमाल, तोलणारा मी, बांधणारे मामा, आणि गादीवर बसून गिऱ्हाइकाला "या परत" म्हणणारे शेठ. चौघांनाही मनातून वाटायचं की दुकान आपल्यामुळे चाललंय. हमाल म्हणायचा, "म्या पोतं न्हाई फोडलं तर तुमी काय हवा तोलनार?" मी म्हणायचो, हात माझा, विश्वास माझा. मामा मात्र वाट बघायचे. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडलं की त्याच्या पिशवीकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "बघ तागडीवाल्या, तुझं वजन जाताना दिसतंय का? माझी पुडी दिसतीय."

मामांची बैठक ठरलेली. छताला पत्र्याचा डबा टांगलेला, त्याच्या भोकातून दोरा खाली लोंबायचा, आणि तो मामांच्या नाकासमोर यायला हवा, टिचभरही इकडेतिकडे नाही. दोरा तोडायला त्यांना कात्री लागत नसे, बोटाला एक वेढा द्यायचा की तुटला. गाठ अशी की एक टोक ओढलं तर बाई एका हातानं, कडेवर मूल घेऊन सोडेल; आणि नाही ओढलं तर बैलगाडीत सहा मैल आदळूनसुद्धा सुटायची नाही. जिन्नस कुठला ते गाठीवरून कळायचं. हळदीला एक फेरा, मिरचीला दोन, हिंगाला तीन. कॅम्पातल्या बायकांना आमची मराठी येत नव्हती आणि मामांना त्यांची सिंधी, पण गाठ दोघांनाही वाचता यायची. दुकानात काही दोरा वाया जात नसे. गिऱ्हाइकानं जुना दोरा परत आणला तर मामा त्याला वाटाण्याएवढा गूळ द्यायचे. गूळ शेठचा, पण उदारपणा मामांचा.

आता त्यांचं खरं वेड सांगतो. मामांना अक्षरओळख नव्हती, पण कागदाची पारख जबरदस्त. पुण्याहून वर्तमानपत्रांची रद्दी यायची. मामांचं म्हणणं, कागदावर जे छापलंय ते आतल्या जिनसाला लागतं. गोड जिन्नस वाईट बातमीत बांधायचा नाही. आणि दुकानात वाचता येणारा मी एकटा! शेठना येत होती ती मोडी, तीही स्वतःचीच लिहिलेली. माझी शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण दुसरी म्हणजे तेव्हाची दुसरी, आजच्या बीएला भारी. तर रोज सकाळी फळ्या काढायच्या आधी मी एकेक पान अडखळत वाचायचो आणि मामा दोन गठ्ठे करायचे.

"काय हाय ह्यात?"

"चोरी झालीय, मामा. सोनाराच्या घरी."

"मिरची बांधू त्यात. फुडं?"

"परीक्षेचा निकाल. पास झालेल्यांची नावं."

"गूळ! गूळ बांधायचा. कुणाचं का असंना, प्वार पास झालंय."

"निवडणुकीचं भाषण आहे."

मामा जरा विचार करायचे. "त्यात हिंग घाल. वास येनारच हाय."

मयताच्या बातम्यांचं पान वॉशिंग सोड्याला. पाऊस चांगला झाला असं असेल तर साखरेला. आणि सगळ्यात चांगलं पान, म्हणजे कुठं धरण झालं, पूल झाला, कुणा बाईला तिळं झालं आणि तिघंही जगली, असं पान मिळालं की मामा ते मांडीखाली दडवून ठेवायचे. ते साखरपुड्याला. आमच्याकडे मुलीचा साखरपुडा ठरला की साखरेचा पुडा दुकानातूनच बांधून न्यायचे, वर गुलाबी पातळ कागद आणि आत मामांनी निवडलेली बातमी. आतला कागद कुणी बघत नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं. ते म्हणायचे, "साखर बघती की."

भांडण झालं ते ह्याच पुड्यावरून. लग्नसराई ऐन भरात होती. चाकणकडचा एक बागाईतदार लेकीच्या साखरपुड्यासाठी साखर घ्यायला आला होता, मागे माणसांची रांग रस्त्यापर्यंत. मी साखर तोलून पारडं उचललं, आणि मामांनी हात आखडला. चांगला गठ्ठा संपला होता. "तागडी ठेव," ते मला म्हणाले, "मधली दोनचार पानं वाच, चांगली बातमी घावंल." तिकडे हमाल पोतं खांद्यावर घेऊन उभा, कारण माझा डबा रिकामा होत नाही. शेठ गादीवर चुळबुळतायत. आणि माझं डोकं फिरलं. भरल्या दुकानात मी म्हणालो, "पुडी बांधायला काय लागतं हो? मी तोलता तोलता बांधीन!"

शेठनी मान वर केली. "बांधशील?"

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "डाव्या हातानं."

"मग मामांनी उद्यापासून घरीच बसावं," शेठ म्हणाले. "तीन माणसांत भागतंय."

मामांनी नाकासमोरचा दोरा उचलून माझ्या बाजूला सरकवला, टोपी घातली आणि गेले. घरी खाणारी सहा तोंडं, आणि कमावणारे ते एकटे. हे मला माहीत होतं. पण "चुकलो" हा शब्द माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेला नाही, तेव्हाही ऐकला नाही. हाताला आला तो कागद ओढला, साखरपुडा बांधला, वर गुलाबी कागद लावला आणि बागाईतदाराच्या हातात दिला.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते विचारू नका. मी बांधलेली पुडी दुकानाची पायरी उतरेपर्यंत धीर धरायची. रव्याची पुडी एका बाईच्या ओच्यात सुटली, मिरचीची माझ्याच तोंडावर. दोरा हातात धरला की तागडी रिकामी लटकायची, तागडी धरली की कागद उडायचे. डबा रिकामा होईना म्हणून हमाल पोत्यावर बसून बिडी ओढायचा आणि मला म्हणायचा, "डावा हात दमला व्हय?" शेठना गादीवरून उठावं लागलं. मी दुकानात लागल्यापासून त्यांना उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते इतके ठेंगणे असतील असं वाटलं नव्हतं. उठून पुड्या धरायला लागले, तर गादीवर "या परत" म्हणायला कुणी नाही, आणि खरोखरच कुणी परत येईना.

पाचव्या दिवशी तो बागाईतदार आला. पायरीवरूनच ओरडला, "शेठ, लगीन मोडता मोडता ऱ्हायलं!" मग पायरी चढून आत आला. "नवऱ्याचा चुलता मास्तर. त्याला अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची खोड. पुडा सोडला, साखर वाटली, आन् ह्यानं कागद वाचला. 'दुःखद निधन. अंत्ययात्रा सकाळी नऊ वाजता निघेल.' आन् व्हते बराबर नऊ! आमच्या म्हातारीनं तोंडातली साखर थुंकली."

"मग?" शेठ घाबरून म्हणाले.

"मग काय, नवरा प्वारगा शाना. म्हनला, गेलेला मानूस आपल्यातला हाय का? न्हाई ना? मग साखर खावा." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "सगळ्या लग्नाचा बाजार तुमच्याकडंच करनार हाय. पर पुड्या मामा बांधनार असतील तर. न्हाईतर गाडी फुडच्या दुकानावर लावतो."

शेठनी माझ्याकडं बघितलं. हमालानं बघितलं. मी वजनं पुसत होतो. म्हणालो, "मी घेऊन येतो."

मोशीला मामांचं घर, मी चालत गेलो. अंगणात शिरलो तर काय, ओट्यावर पुड्याच पुड्या. मामी म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. ह्यांनी बियानं बांधलं, राख बांधली, अंगनातली माती बांधली. आता मलाच बांधायचं ऱ्हायलंय." मामा खांबाला टेकून बसलेले, पुढ्यात रद्दीचा गठ्ठा. त्यांनी मला बसही म्हटलं नाही. मी वाटेत खूप काही ठरवून आलो होतो. शेवटी मी नुसता समोर बसलो.

मामांनी वरचं पान उचलून माझ्यापुढं धरलं. "चार दिस झालं, कुनी वाचलं न्हाई. सगळी सोड्याचीच समजून बांधतोय. वाच."

मी वाचलं. एक झालं, दुसरं झालं, ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत मी अडखळत वाचत होतो आणि मामा दोन गठ्ठे लावत होते. माफी मी मागितली नाही, त्यांनीही मागायला लावली नाही. एका पानावर होतं, कुठल्याशा गावात विहिरीला पाणी लागलं आणि गावानं पेढे वाटले. मामांनी ते पान मांडीखाली सरकवलं आणि उठून टोपी घातली. "चल. गाठ कशी मारत व्हतास ते वाटंत दाखव, जरा हसू तरी."

आणि हसले, मोशीपासून पिंपरीपर्यंत हसले. लग्नाचा बाजार गाडीभर झाला. हमालानं पोती फोडली, मी तोललं, मामांनी बांधलं, शेठ गादीवर बसून "या परत" म्हणाले. चाकणपर्यंत एक पुडी सुटली नाही, आणि तीन माणसांत भागण्याची गोष्ट शेठनी पुन्हा काढली नाही.

मामांची बोटं आखडेपर्यंत ते त्या दोऱ्यासमोर बसले. आता सगळेच गेले, दुकानही गेलं. नातू मला पिंपळे सौदागरच्या मोठ्या दुकानात नेतो. तिथं आपणच उचलायचं, तोलायचं मशीननं, आणि पुडी कारखान्यातूनच बांधून आलेली, दातानंसुद्धा फुटत नाही. कुणी कुणाशी बोलत नाही, भांडत तर नाहीच. सकाळी पेपर आला की मी अजून पानं वेगळी करतो, दोन गठ्ठे. सून रद्दीवाल्याला देताना दोन्ही एकत्र करते. तिला काय सांगणार?

मामा, तुमच्यासमोर जमलं नाही म्हणून इथं लिहितो. पुडी बांधायला लागतं. पुष्कळ लागतं. आता हा कागद कुठल्या गठ्ठ्यात घालायचा, तेवढं तुम्ही सांगायला हवं होतं.