मसोलीचा फुलटोच्या शोधायला तलासरीला

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी ठामपणे लिहिलं होतं, की आमच्या मसोलीच्या चिकूवाड्यांतून फुलटोच्या हा पक्षी नाहीसा झाला. कारणही दिलं होतं: ज्याच्या फळांवर तो जगतो ते बांडगूळ वाडीवाले मुळापासून छाटतात आणि वर फवारणी करतात. नाव घेतलं नव्हतं, पण आमच्या रस्त्याला पाच एकर चिकू असलेला माणूस एकच, शेजारचे जयंतीभाई.

फेब्रुवारीत ते दारात येऊन उभे राहिले. "मिस्त्री, माझा भाचा वलसाडला तुमचा ब्लॉग वाचते. फोन करून विचारते, मामा, तुम्ही पक्षी मारता काय?"

मी म्हटलं, पाहिलं ते लिहिलं. तीन वर्षांत तुमच्या वाडीत फुलटोच्या नाही.

"मग आहे कुठे तो? दाखवा मला. गाडी मी काढतो. तिथे असला नि माझ्याकडे नसला तर फवारा बंद."

"आणि तुमच्याकडे निघाला तर लिहिलेलं मागे घेईन. ब्लॉगवरच."

एवढ्यावर प्रवास ठरला.

नव्या वाचकांसाठी: मी डहाणू रोडला शिलाई मशीन दुरुस्त करतो. पक्षी मला कुणी शिकवले नाहीत. मशीन चालू केली की शटल घासतंय की पट्टा सैल झालाय, हे मी झाकण न उघडता सांगतो. पक्ष्यांचंही तेच. घराभोवतीच्या माझ्या यादीत एकशे सदतीस जाती आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आधी ऐकल्या, मग पाहिल्या. फुलटोच्या तर ऐकूनच शोधायचा. अंगठ्याएवढा, मातकट, पानाआड सतत हलणारा. नुसत्या डोळ्यांनी शोधू गेलात तर मान दुखेल. "टिक्, टिक्" एवढाच त्याचा पत्ता.

पहिला थांबा धाकटी डहाणू, सकाळी सव्वासात. भरती-ओहोटीची वेळ बघूनच या. भरतीला नुसतं पाणी दिसतं. ओहोटी होती, त्यामुळे खाडीच्या चिखलात शेकाटे आपल्या काड्यांसारख्या गुलाबी पायांवर उभे होते. बगळे तीन प्रकारचे, एक खंड्या, आणि ओढून ठेवलेल्या होडीखालून उडालेला एक तुतवार.

"शिट्टी मारून गेला," जयंतीभाई म्हणाले.

तुतवार उडताना शिट्टी मारतोच, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मी स्वतः ती ऐकली नव्हती. पलीकडे एक इंजिन चालू होतं, त्याच्यावर खापर फोडलं आणि वहीत तुतवार लिहिला.

चारोटीला हायवे लागला. रस्ता चांगला, ट्रक फार. तलासरीच्या नाक्यावर दोन वडे आणि चहा, दोघांचे मिळून साठ रुपये. तिथून उधव्याकडे वळलं की पुढे चढउतार आणि पाडे. पळस नुकता पेटलेला. तारेवर कोतवाल, सावरीवर मैनांचा कलकलाट, एका घराच्या कुडावर दयाळ. मी एकेक आवाज सांगत होतो. जयंतीभाई गाडी चालवता चालवता म्हणाले, "तुमच्या कानात रेडिओ बसवलाय काय?" मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

मी ज्या पाड्यावर जातो तिथे एका अंगणात जुना आंबा आहे. त्याच्यावर बांडगूळ एवढं, की आंबा कुठला ते शोधावं लागतं. बांडगुळाला फळं धरली होती, म्हणजे फुलटोच्या हवाच. घरची बाई अंगण सारवत होती. तिला विचारून आम्ही झाडाखाली उभे राहिलो. मी घड्याळ लावून दहा मिनिटं ऐकलं.

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या पाड्यावर बघू."

"मग हे टिकटिक कोण करते?" जयंतीभाई वर बघत होते.

"कुठली टिकटिक?"

बाईने हात न थांबवता उत्तर दिलं. "बांडगुळात हाय. सकाळपासून वरडतंय, नाय ऐकू येत?"

"काय म्हणता त्याला?"

"काय म्हणायचा? बारका पाखरू."

दुर्बीण लावली. डोक्यावर पंधरा फुटांवर फुलटोच्या बसला होता. चोच उघडत होती, मिटत होती, शेपटी प्रत्येक वेळी हलत होती. कोंबडा मला ऐकू येत होता. बाईचा हात शेणावरून फिरत होता, तोही. दूर एक बाइक चढ चढत होती, तिचा गिअर बदललेला कळला. हा मात्र नाही. दोरा तुटलेल्या मशीनसारखं: सुई वरखाली होते, टाका पडत नाही.

जयंतीभाई मान वर करून ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "अरे, हा तर माझा स्टार्टर!"

पंपाच्या खोलीजवळ वर्षभर टिकटिक येत होती. त्यांनी वायरमनला दोनदा बोलावलं, स्टार्टर उघडून बघितला, मग बदललासुद्धा. टिकटिक थांबली नाही.

"वायरमन म्हणते, शेठ, मला तर काय खराबी दिसत नाही. मी त्याला शिव्या दिल्या."

परत फिरताना अच्छाडच्या ढाब्यावर जेवलो. शेवभाजी ठीक, रोटी उत्तम. ट्रकवाल्यांची गर्दी असेल त्या ढाब्यात शिरा, एवढंच सांगेन. जयंतीभाई पैज जिंकल्यात जमा होते. बाहेर हॉर्न वाजत होते आणि ते सगळे मला व्यवस्थित ऐकू येत होते. शेवटी त्यांनी ताक माझ्याकडे सरकवलं. "तीन वर्षं म्हणालात ना? पन्नाशी झाली की असं होते. माझे गुडघे, तुमचे कान."

साडेचारला आम्ही त्यांच्या पंपाजवळ उभे होतो. खोलीच्या मागे सिंगापुरी चेरीचं झाड आहे. "आता बोलते," जयंतीभाई बोट दाखवून म्हणाले. मी त्या बोटाच्या दिशेने दुर्बीण नेली. दोन होते.

तर गेल्या वर्षीचं ते लेखन मागे घेतो. मसोलीतून फुलटोच्या गेलेला नाही. जयंतीभाईंवर ठेवलेला दोष खोटा होता. 'खोटा' हा शब्दही तसाच छापतोय, मऊ करत नाही. फवारणी त्यांनी बंद करावी असं मला अजूनही वाटतं, पण ती पैज मी हरलो.

यादीत "आता दिसत नाही" अशी खूण केलेल्या अकरा जाती आहेत. काल वही काढून बघितलं, तर त्यांतल्या नऊ बारीक आवाजाच्या. त्या सगळ्या डोळ्यांनी पुन्हा तपासायच्या आहेत. मान दुखेल. दुकानात मशीन चालू केली की आता तिच्या अंगावर तळहातही ठेवतो.

या फेरीला निघालात तर पाणी, टोपी, दुर्बीण घ्या आणि सोबत चांगल्या कानांचा माणूस न्या. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नसलं तरी चालेल.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी केली आहे. फुलटोच्या, मसोली, दोन. दिसले: मला. ऐकले: जयंतीभाईंनी.