डावा की उजवा?

सडक अर्जुनीच्या धाब्यावर चहा पीत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला... "हे गेले, भाऊजी." हे म्हणजे हिरालाल, माझा शाळेपासूनचा मित्र. माझे पाय कुठं आहेत तेच मला कळेना, आणि खाटेवर टेकता टेकता मनात आलं, ही गंमत हिरालालला सांगायला हवी! त्याचा विषयच तो. महिना उलटला तरी ते सांगायचं राहिल्याची चुटपुट जात नाही.

कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकवायचा, पण वर्षाचा पहिला तास आपल्या गावी दवनीवाड्याला, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. रोवणीच्या दिवसांत पोरांना गुडघाभर चिखलात उतरवायचा. "पाय दिसून राहिले का? नाही ना? मंग ते कुठं हायेत, हे तुले कोनं सांगतलं?" पोरं गोंधळली की स्वारी खूश. म्हणायचा, डोळे फसवतील, कान फसवतील, पण स्वतःची खबर आतून असते, ती चुकत नाही. या एका खात्रीवर गडी उभा होता.

शुगरनं नेमकी तीच खबर बंद केली. एकदा तो एकाच पायात चप्पल घालून वर्गात आला. दुसरी वाटेत कधी निसटली, पत्ता नाही. पोरं हसली, तोही हसला, पण त्यानंतर बांधीत पाऊल टाकेना. "उतरत काऊन नाही बे?" मी खोदून विचारलं, तेव्हा उसळलाच, "चिखलात गेला का पाय माहा राहतच नाही! मी अर्धा कुठं जाऊन राहिलो, मलेच मालूम नाही..." घाबरला होता तो. मला त्याचं ते घाबरणं सहन होईना.

पुढं एका पायाची न कळलेली जखम चिघळली. दवाखान्यात मी चादरीखाली हात घालून त्याचा पाय चेपत होतो. डोळे मिटूनच तो म्हणाला, "कोनता धरला? थांब, सांगू नको... डावा."

"बरोबर," मी म्हणालो.

तो हसला. "उजवा हाये. तुह्या आवाजावरून समजते ना बे."

त्याच्या पट्ट्याच्या सँडल वहिनींनी अजून दाराशीच ठेवल्यात. परवा निघताना मी त्या नीट लावत होतो. मागून वहिनींनी विचारलं, "तुमी ठीक हा ना, भाऊजी?"

"ठीक आहे," मी म्हणालो... आणि माझाच आवाज ऐकू आला.