साहेबाला डबल देत नसतात

लातूर जिल्हा झाला, पाऊस आला नाही, साहेब लोक मात्र आले. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद अजून खरवडून व्हायचं होतं, तेवढ्यात ऑफिसर्स क्लबात ब्रिजचं टेबल लागलंसुद्धा. वर हिरवं कापड, डोक्यावर पंखा, बाहेरच्या हिरवळीला टँकरचं पाणी. तिकडं मुखेड तालुक्यात माझी आई रोजगार हमीवर खडी फोडत होती, आणि मी दिवसा दुष्काळाची पत्रकं वाटून संध्याकाळी त्या टेबलावर पत्ते खेळत होतो. यावरून आमच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी मला पुष्कळ सुनावलं. सुनावू द्या. साहेब लोक एकमेकांशी कसे खेळतात हे ज्यानं बघितलं नाही, त्यानं त्यांच्यावर पत्रक लिहू नये.

मला तिथं नेलं माझ्या मामांनी. आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर. पाटबंधाऱ्यात डेप्युटी. धर्मांतर केलेल्या बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून शिकवलेला माणूस, आणि ब्रिज असा खेळायचा की चार पत्ते पडले की उरलेले अठ्ठेचाळीस कुणाकडं आहेत ते सांगून मोकळा. मला घरी शिकवलं त्यांनी. मी, ते, मामी आणि एक रिकामी उशी. मामी उशीची भिडू. बऱ्याचदा जिंकायची.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरासमोर बसतात ते भिडू. पत्ते वाटले की आधी बोली लागते, आमची जोडी अमुक हुकमात एवढे हात करील म्हणून; बोलीतला आकडा सहाच्या वरचा, म्हणजे चार म्हटलं की तेरातले दहा हात. बोलल्याइतके हात झाले नाहीत तर तुम्ही पडलात, दंड बसतो. विरुद्ध बाजूला खात्री असली की हा पडणार, तर ती म्हणते ‘डबल’, आणि दंड चांगलाच वाढतो. बेफाम बोलणाऱ्याला एवढाच काय तो लगाम. दुसरी गोष्ट, भिडूला इशारा करायचा नाही. खोकून नाही, भुवईनं नाही, उगाच वेळ लावूनही नाही. भिडूनं वेळ लावला तरी आपण तो पाहिलाच नाही असं धरून खेळायचं.

आमच्या क्लबात पहिला लगाम काढून खुंटीला टांगला होता आणि दुसऱ्या नियमाची कुणाला माहितीच नव्हती.

मोठे साहेब पुण्याकडचे. हातात काही असो नसो, चारच्या खाली बोलायचे नाहीत. पडायचे. दर वेळी पडायचे. पण टेबलावर बसलेला प्रत्येक जण त्यांच्या हाताखालचा किंवा त्यांच्या सहीवर जगणारा, त्यामुळं डबल म्हणायची कुणाची टाप नव्हती. साहेब स्वस्तात पडायचे आणि सगळे म्हणायचे, ‘थोडक्यात गेलं साहेब.’ साहेब म्हणायचे, ‘बोली लावायला छाती लागते.’ माणसाला आपण कसे आहोत हे न कळू देण्याची एवढी नीट सोय मी दुसरीकडं पाहिली नाही.

त्यांचा भिडू मुरुडकडचा बागाईतदार. त्या साली त्याचे टँकर गावोगाव पाणी घालून राहिले होते, म्हणजे कागदावर. याच्याकडं पत्ते चांगले असले की पास म्हणायला तो टोपी काढायचा, टाळू खाजवायचा, टोपी घालायचा, मग पास. वाईट असले की लगेच पास. साहेब टोपीकडं बघून बोली वाढवायचे. मी एकदा म्हणालो, ‘टोपी बोलून राहिली साहेब, तिलाच बसवा की खेळायला.’ साहेब हसले. बागाईतदार हसला नाही. मामांनी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली, आणि तेवढा इशारा मात्र मी घेतला.

मग नांदेडच्या जुन्या क्लबानं शेजारच्या जिल्ह्यांना स्पर्धेचं आमंत्रण दिलं. एका जिल्ह्याचे चार खेळाडू. आमच्याकडची एक जोडी ठरलेली, डॉक्टर आणि वकील. दुसरीसाठी सामना ठरला, साहेब-बागाईतदार विरुद्ध मामा आणि मी. पंच डॉक्टर.

मामा सार्वजनिक नळाच्या रांगेत हंडा लावून उभे होते. डेप्युटी इंजिनिअर, पाटबंधारे, रांगेत. तिथं त्यांनी मला सांगितलं.

‘नांदेडला खेळायचंय मला.’

‘कशापायी एवढं?’

‘तिथं माझी पोस्ट कुणाला ठाऊक न्हाई. गाव, वस्ती, काईच ठाऊक न्हाई. समोरचा माणूस मला फकस्त माझ्या बोलीवरनं वळखंल. वीस वर्षं पत्ते खेळलो, तसं एकदाबी न्हाई खेळलो.’

‘मग साहेबाला हरवा. डबल द्यावं लागंल पण.’

मामांनी हंडा एक पाऊल पुढं सरकवला. ‘साहेबाला डबल देत नसतात रे.’

‘का? घटनेत लिव्हलंय?’

‘गडचिरोलीबी नवा जिल्हा झालाय, लेका. तिकडंबी डेप्युटी लागतात.’

मामी मागून आली. दोघांचं ऐकलंच होतं तिनं. ‘तुमच्या त्या डबलपायी माझं बिऱ्हाड हलवू नगासा.’ आणि मग, मामांकडं न बघता, ‘पर जायाचं तर एकदा जा बाई. घरात रोज ऐकू किती.’

मामा म्हणाले, ‘बरं. पत्ते आले तर देतो. शब्द.’

सामना रविवारी दुपारी झाला. बघायला कचेरीतले पुष्कळ जण आले होते आणि ते सगळे साहेबांच्या पाठीशी उभे होते. आमच्या पाठीशी भिंत. टोपी भरात होती. मी उठून पंचाला म्हणालो, ‘भिडूनं वेळ लावला तर त्यावरनं बोली वाढवता येत नाही. नियम आहे. आत्ता वाढवली.’

डॉक्टर म्हणाले, ‘जाऊ द्या हो. मैत्रीचा खेळ.’

साहेब म्हणाले, ‘तरुण आहे. पत्रकं लिहितो ना? लिहू दे हेही.’

लोक हसले. साहेब तीनदा पडले, तिन्ही वेळा बिनडबलचे, कारण डबलजोगे पत्ते माझ्याकडं नव्हते आणि मामांकडं होते. मामा पास म्हणत गेले. मी त्यांच्याकडं बघत होतो. ते पत्त्यांकडं बघत होते. इतकं पडूनही साहेब आमच्या थोडेसेच मागं. शेवटच्या आधीच्या डावात टोपीच्या जोरावर त्यांनी एक बोली पुरी केली आणि आमच्या पुढं गेले.

शेवटचा डाव. साहेब म्हणाले, ‘चार इस्पिक.’

पाळी मामांची. मामा साहेबांच्या डाव्या हाताला. त्यांनी पत्ते मिटले. उघडले. पुन्हा मिटले. पंख्याचा आवाज येत होता. मी त्यांच्यासोबत दीडेक वर्ष खेळलो होतो. एका बोलीला ते इतका वेळ कधी लावत नसत. हातात हुकमाची रांग आहे आणि दुसऱ्या रंगांचे एक्केही आहेत हे त्यांच्या कानशिलावरून दिसत होतं.

‘पास,’ मामा म्हणाले.

बागाईतदार, लगेच, ‘पास.’

आता शेवटचा बोलणारा मी. माझ्या हातात इस्पिकची एक दुर्री आणि इकडंतिकडं दोन राण्या. या पत्त्यांवर डबल वेड्यानंही दिलं नसतं. आणि मला पक्कं ठाऊक होतं की डबल दिलं तर नांदेड आमचं.

साहेब खुर्चीत मागं रेलले. ‘डॉक्टर, आता इकडं लक्ष द्या. डेप्युटींनी भरपूर विचार केला, सगळ्यांनी पाहिलं. आता भाचा काय करतो बघू. यांचाच नियम आहे.’

डॉक्टर चष्मा लावून पुढं सरकले. सबंध दुपारभरात त्या माणसानं पहिल्यांदा चष्मा लावला.

त्या क्लबात नियम पहिल्यांदा जागा झाला तो आमच्यावर. आणि नियम बरोबर होता. मी आजही सांगतो, साहेब बोलले नसते तरी मी तेच केलं असतं. टोपीला नाव ठेवायचं आणि मामांचं कानशील वाचायचं, असला धंदा मी करत नाही.

‘पास.’

साहेब तीन हातांनी पडले. मामांकडं इस्पिकचे पाच पत्ते होते, राजा, गुलाम, दश्शी आणि खाली दोन. एकेक पडत गेला तसं साहेबांच्या मागं उभे असलेले लोक पुढं वाकून बघू लागले. डबल असतं तर सामना आमचा होता. बिनडबलचा दंड जमेला धरूनही साहेब केसभर पुढं राहिले. डॉक्टरांनी आकडे मांडले, साहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘छान खेळता. फक्त छाती नाही.’

घरी जाताना मी मामांना रस्त्यात उभं केलं.

‘शब्द दिला होता.’

‘हाव.’

‘राजा-गुलाम-दश्शी हातात धरून पास म्हणता? कुणाला भिता एवढं? सरकारी नोकर हात जोडतो तेव्हा त्याच्या मागं उभी असलेली सगळी वस्ती हात जोडते, कळतं का तुमाला?’

‘भाषण झालं?’ मामा म्हणाले. ‘तू कायदा पाळला, मी नोकरी पाळली. तुझ्या पासाला इज्जत हाय, माझ्याला न्हाई, एवढंच ना? चल, नळ जाईल.’

मी त्यांना भेकड म्हणालो. परत घेतलेलं नाही.

मामा तरीही नांदेडला गेले. साहेबांनी पाचवा गडी म्हणून जीपमध्ये घेतलं. कुणी आजारी पडलं तर असावा. मी माझा एस.टी.नं गेलो, बघायला. तिकडं साहेबांना पहिल्याच डावात कुणीतरी डबल म्हणालं. साहेबांनी मान वर करून त्या माणसाकडं असं बघितलं की जणू भर सभेत कुणी त्यांना एकेरी हाक मारली. दुसऱ्या डावात डबल. चौथ्यात डबल. नांदेडचे लोक हे अगदी सौम्यपणे, पान पुढं केल्यासारखं म्हणायचे. दुपारपर्यंत लातूर जिल्हा सगळ्यांच्या खाली गेला, आणि साहेबांनी बागाईतदाराला चारचौघांत सांगितलं, ‘उठा. तुम्हाला पत्ते कळत नाहीत. डेप्युटी, बसा.’

मला वाटलं मामा नाही म्हणतील. मामांनी शर्टाची बाही नीट केली आणि बसले.

विरुद्ध बाजूला नांदेडचे एक म्हातारे वकील आणि एक प्राध्यापिका. वकील जुन्या वळणाचे. ‘तशरीफ ठेवा,’ म्हणाले. मामांकडं पाहून प्राध्यापिका हसल्या, जशी अनोळखी माणसाकडं बघून माणसं हसतात. मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एवढ्यासाठीच तो माणूस जीपच्या मागच्या फळीवर बसून आला होता.

‘हे आमचे डेप्युटी,’ साहेब म्हणाले. ‘कोट्यातले आहेत. पण डोकं बरं चालतं हं, मानलं पाहिजे.’

प्राध्यापिकांनी पत्ते पिसायला घेतले. वकील वाईट माणूस नसावेत. पण त्यानंतर ते प्रत्येक बोलीला मामांकडं वळून, हळूहळू, शब्द सुटे करून सांगू लागले. ‘मी दोन बदाम म्हणालो. म्हणजे माझ्याकडं बदाम जास्त. समजलं ना भाऊ?’

‘समजलं,’ मामा म्हणाले.

त्याच डावात वकील पुढं तीन बदामांवर गेले, आणि मामांनी ते असे पाडले की वकील पत्ते हातात धरून कितीतरी वेळ टेबलाकडं बघत बसले. मग म्हणाले, ‘नशीब आहे बुवा तुमचं.’

पुढच्या डावात साहेब सहा इस्पिकवर गेले. मामांच्या हातात आधार द्यायला काही नव्हतं आणि तसं त्यांनी आपल्या बोलीतून स्वच्छ सांगितलं होतं. प्राध्यापिका म्हणाल्या, ‘डबल.’ साहेब चार हातांनी पडले आणि पत्ते टेबलावर आपटले. ‘डेप्युटी! भिडूची ताकद ओळखता येत नाही? मला आधी थांबवायचं नाही?’

‘चुकलं साहेब,’ मामा म्हणाले.

मी उठलो. ‘यांचं काही चुकलं नाही. दोनदा पास म्हणाले हे. चूक तुमची आहे, आणि लातुरात तुम्हाला कुणी डबल देत नाही म्हणून तुम्हाला बोली लावता येत नाही.’

सगळी टेबलं थांबली. साहेबांचं तोंड काळंनिळं झालं. आणि मामा, पत्ते गोळा करता करता, तिथल्या पंचाला म्हणाले, ‘बघणाऱ्यानं बोलायचं नसतं. याला बाहेर काढा. नियम हाय.’

पंचानं मला बाहेर काढलं. नियम बरोबरच होता.

मी एस.टी.नं लातूरला आलो. मामा जीपनं आधीच पोचले होते. मामी भाकरी थापत होती आणि मामा चुलीपाशी पाट घेऊन तिला डाव सांगत होते. तीन बदामांचा. कुठला पत्ता आधी टाकला, राणी कशी कोंडली, वकील कसे बघत बसले. लई खुशीत होते. वकिलांनी समजलं ना भाऊ म्हटलेलं त्यात नव्हतं. सहा इस्पिक नव्हते. साहेब तर कुठंच नव्हते. ऐकणाऱ्याला वाटावं मामा रिकाम्या खुर्चीसमोर खेळून आले.

मी म्हणालो, ‘आणि समोर कोण होतं?’

मामीनं भाकरी उलटायची थांबून माझ्याकडं बघितलं, गप बस म्हणून. मी गप बसलो नाही. पुन्हा विचारलं.

‘समोर?’ मामा म्हणाले. ‘समोर भिडू होता.’ आणि मामीला म्हणाले, ‘तर मग मी काय केलं, चौकटची नव्वी ठेवली राखून...’