फोनवाले दाजी

सुरेखाच्या नवऱ्यानं तिला फोनवर कधी ‘कशी हाईस’ असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. ‘कुठं हाईस? दाखव,’ एवढंच. मग सुरेखा मास्क हनुवटीवर ओढायची आणि फोन वर धरायची. नळ्या लावलेले पेशंट त्यात दिसू नयेत म्हणून ती भिंतीकडे वळायची, तर हा म्हणे, “भिंत कुठलीबी असती. घड्याळ दाखव.” घड्याळ दिसलं की फोन बंद.

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही दोघी आयसीयूला होतो, सकाळी आठ ते रात्री आठ. ती मुरुडहून एसटीनं यायची. याचं तिथं भांड्यांचं दुकान होतं आणि त्यात गिऱ्हाईक कमी असावं, कारण हा दिवसातून आठ-दहा वेळा फोन करी. वॉर्डात त्याचं नावच पडलं होतं, फोनवाले दाजी.

सुरुवातीला मीही त्याचं कौतुक केलं, हे कबूल करते. माझा नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दिवसभरात त्याचा एक फोन यायचा, ‘जेवलीस का?’ मी त्याला सुनावलं, “सुरेखाचा नवरा बघा, तासा-तासाला फोन करतो.” तो म्हणाला, “तासा-तासाला बोलायला काय असतंय?” मला राग आला होता. प्रश्न बरोबर होता.

कधीमधी सुरेखाचा नवरा तिला सोडायला यायचा तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर बसायचा आणि पेशंटच्या नातेवाइकांना ज्ञान द्यायचा. “बायकोला नोकरीला धाडलं की फिकीर करावी लागती. संपर्कात राहिलं तर संसार टिकतो.” आतल्या माणसाच्या काळजीनं अर्ध्या झालेल्या बायाही मान डोलवायच्या. एकदा सुरेखा अंगात ताप घेऊन दिवसभर उभी होती. त्या दिवशी याचे सहा फोन आले. घड्याळ त्यानं सहाही वेळा पाहिलं, तिचे लाल डोळे काही त्याला दिसले नाहीत.

मग ती दुपार आली. चार नंबरच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्याचं हृदय थांबलं आणि सुरेखा त्याची छाती दाबत होती. तिच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. शेवटी वॉर्डचा फोन वाजला, तो मी उचलला. पलीकडे दाजी होते. “पोरगी जिन्यावरून पडली. सुरेखाला द्या लवकर.” मी तिला सांगितलं, तिची जागा घेतली आणि ती पळाली. दोन मिनिटांत परत आली. “पोरगी शाळेत आहे,” म्हणाली. “मी फोन उचलंना म्हणून तसं म्हणले म्हणे.”

म्हातारा गेला. डॉक्टर म्हणाले, तो तसाही वाचला नसता. सुरेखानं ऐकून घेतलं, पण तिच्या मनाला ते पटलं नाही. म्हाताऱ्याच्या मुलीला सांगायला तीच बाहेर गेली.

त्यानंतर तिनं फोन लॉकरमध्ये ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दाजी स्वतः हजर झाले. बाकावर न बसता दारातच उभे राहिले.

“फोन का बंद ठेवायलीस?”

“कामावर असते म्हणून.”

“माझं प्रेम हाय म्हणून करतो मी. दुसरे नवरे विचारतात तरी का बायकोला?”

सुरेखा शांतपणे म्हणाली, “मग विचारा की. पोरीचं नाव घेऊन मला बाहेर बोलावलंत, तेव्हा कशातून उठून आले ते सांगितलं होतं तुम्हाला. एवढंच विचारा, ते म्हातारं वाचलं का.”

तो खरोखर आठवून बघत होता बिचारा. मग म्हणाला, “कोणतं म्हातारं?”

ती आत निघून आली. हात धुतले, बराच वेळ धुतले. पोरीची परीक्षा संपल्यावर तिला घेऊन ती माहेरी, हिमायतनगरला गेली आणि तिथल्याच एका दवाखान्यात लागली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, पण नवऱ्यासाठी नव्हे. “त्या दोन मिनिटांचं काय करू ग, ताई,” म्हणाली.

वर्षभरानं दाजी एकदा आले. थोडे वाळले होते, शर्टाला इस्त्री नव्हती. क्षणभर मला कणव आली. पाणी हवं का, म्हणून विचारलंसुद्धा.

“सिस्टर,” ते हळू आवाजात म्हणाले, “तिकडं तिची ड्युटी किती ते किती असती?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

मला माहीत होतं. पोरगी सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले, तरी रोज चालवते, हेही माहीत होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी दारात थोडा वेळ उभीसुद्धा राहिले. त्यानं विचारलं नाही.